गवंड्याच्या हाताखाली

बांधकामावर नवीन आलेल्या पोराला गवंडी आधी विटा भिजवायला लावतो. अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये विटा सोडायच्या, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायच्या, मग काढून निथळत रचायच्या. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो, एवढं साधं कारण. पण एसटीनं दोन-तीन तास बसून, कुणाचं तरी घर उभं करायचं म्हणून आलेल्या कॉलेजच्या मुलाला ते काम कमी प्रतीचं वाटतं. त्याची नजर थापीवर असते. गवंडीमामा त्याच्याकडे न बघता सांगतात, "थापी कुठं जात न्हाई. आधी विटंला पाणी पाज."

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला, आणि दुसरीकडे पाटण-जावळीच्या डोंगरात अशी कामं जिथं चालू असतील तिथं जायचं, जमेल तेवढी घमेली उचलायची आणि मग गवंडी, घरमालक, मुलं यांच्याशी बोलत बसायचं, असं करत हा लेख जमला. दुसऱ्याचं घर बांधायला स्वतःहून जाणाऱ्या माणसाबद्दल मला लहानपणापासून आदर आहे. तो या फिरण्यात वाढला. पण त्या माणसानं तिथं कुठं उभं राहावं, याबद्दल माझं एक मतही तयार झालं. त्यानं गवंड्याच्या हाताखाली उभं राहावं आणि घरमालकाच्या शब्दाखाली. या जागेवरून तो एक पाऊल पुढं सरकला की काम बिघडतं.

आपल्याकडे असा स्वयंसेवक बहुतेक वेळा राष्ट्रीय सेवा योजनेचा विद्यार्थी असतो. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांची सात दिवसांची निवासी शिबिरं हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या दत्तक गावात भरतात. बहुतेक शिबिरांत चर खणणं, बंधारे, शोषखड्डे, ओढ्याची सफाई ही कामं होतात. घराचं काम कमी वेळा येतं, कारण घर एका कुटुंबाचं असतं आणि 'याच्याच घराला का' हा प्रश्न गावात लगेच उठतो. ज्या गावात ग्रामसभेनंच एखाद्या विधवा बाईचं किंवा म्हाताऱ्या जोडप्याचं अडलेलं घरकुल दाखवून 'हे आधी करा' असं सांगितलेलं असतं, तिथं हा प्रश्न उठत नाही. म्हणून सगळ्यात आधी गावाचं बोट लागतं.

घरकुल अडतं कसं, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीवरच्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार असं मूळ अनुदान ठरलेलं. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. पैसे हप्त्याहप्त्यानं येतात. पाया झाला, फोटो. लिंटेलपर्यंत भिंत आली, फोटो. तो फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह वर गेला की पुढचा हप्ता. ज्याच्या हाताशी चार पैसे आहेत तो उसनवार करून टप्पा गाठतो आणि हप्ता उचलतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं जोतं उन्हापावसात पडून राहतं, कारण पुढचा टप्पा बांधायला पैसे हवेत आणि पैसे यायला पुढचा टप्पा हवा. अशी जोती सातारा-सांगलीच्या वाड्यांवर फिरताना दिसतात. त्यांच्यावर शेळ्या बसलेल्या असतात, कडेनं घाणेरी उगवलेली असते.

सात दिवसांच्या शिबिराची खरी किंमत मला इथं कळली. पंचवीस-तीस मुलं आठवडाभर बिगाऱ्याचं काम करतात, तेव्हा वाचलेल्या मजुरीचा आकडा फार मोठा होत नाही. पण जोतं लिंटेलपर्यंत जातं आणि अडकलेला हप्ता सुटतो. पुढचं घर मग त्याच्या चालीनं चालत राहतं. शिबिराचं काम निवडताना प्राध्यापकांनी ग्रामसेवकाकडे बसून कोणतं घर कोणत्या हप्त्यावर अडलंय एवढं विचारलं, तरी त्या आठवड्याचं सोनं होईल.

शिबिराचा दिवस पहाटे सुरू होतो. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत, वर्गातले बाक कडेला लावून सतरंज्या टाकलेल्या. जानेवारीत माणच्या माळावर थंडी हाडात शिरते, आणि अंघोळीला मिळणारं पाणी मोजकं असतं. मुलांना पहिला धडा या पाण्याचाच मिळतो. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तिथली बाई अंगणात बसून एका तांब्यात तोंड, हात, पाय धुते आणि उरलेलं पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात जाईल असं बघते. शहराकडची मुलं हे पाहतात आणि दुसऱ्या दिवसापासून बादली अर्धीच भरतात. त्यासाठी कुणाला भाषण द्यावं लागत नाही.

चहा, प्रार्थना, गावातून फेरी आणि आठच्या सुमाराला कामावर. गवंडी दोरी बांधतो, ओळंबा सोडतो, गुण्या लावून कोपरा तपासतो. त्याच्यामागं दोघंजण माल कालवतात. एकास सहा, म्हणजे एक घमेलं सिमेंटला सहा घमेली वाळू. आता नदीची वाळू कुठली मिळायला, क्रश सँडच असते. बाकीची मुलं रांगेत उभी राहून हातोहात घमेली पुढं देतात. पहिल्या दिवशी प्रत्येकजण घमेलं काठोकाठ भरतो आणि अकरा वाजता पाठ धरून बसतो. "निम्मंच भर रं, दिवसभर उचलायचंय," हे मामांनी सकाळी सांगितलेलं दुपारी पटतं. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड येतात. गावातली एखादी मावशी हळद-तेल लावून फडक्याची चिंधी बांधते. तिसऱ्या दिवसापर्यंत रांगेला लय आलेली असते. मुलींना सुरुवातीला 'तुम्ही पाणी द्या' असं सांगितलं जातं, आणि तिसऱ्या दिवशी माल कालवायला त्याच पुढं असतात. गावातल्या बायकांना याचं काही नवल वाटत नाही. बिगारीकाम त्या पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. नवल वाटतं ते मुलींच्या प्राध्यापकांना.

थापी कधी मिळते? मिळते, पण जोत्याच्या आतल्या बाजूला किंवा मातीखाली जाणाऱ्या थरात. चांगला गवंडी शिकाऊ हाताला अशी जागा देतो, जिथं चूक झाली तरी घराला धोका नाही. मुलाला थापी धरल्याचा आनंद मिळतो आणि भिंत ओळंब्यात राहते. हे शहाणपण ज्या कामावर नसतं तिथं काय होतं, हे पिप्पा बिडल या अमेरिकन तरुणीनं २०१४ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात सांगितलं आहे. शाळेत असताना ती मैत्रिणींबरोबर टांझानियात एका अनाथालयासाठी बांधकाम करायला गेली होती. मुली दिवसभर विटा रचायच्या. त्यांचं काम इतकं कच्चं असायचं, की रात्री तिथले पुरुष त्या विटा उतरवून भिंत पुन्हा बांधायचे आणि मुलींना कळूही द्यायचे नाहीत. वाचताना मला त्या रात्री काम करणाऱ्या माणसांचं फार वाईट वाटलं. दिवसा पाहुण्यांचा मान राखायचा आणि रात्री आपली भिंत सरळ करायची, अशी दुहेरी बिगारी त्यांच्या वाट्याला आली. त्या मुलींना विटा भिजवायला बसवलं असतं, तर दोन्ही बाजूंचं भलं झालं असतं.

आफ्रिकेतल्या खेड्यात जाऊन घर बांधणं ही कल्पना आज पाश्चात्त्य तरुणांच्या सुट्टीशी जोडली गेली आहे. तिची एक जुनी आणि फार चांगली कहाणी आपल्या घरातली आहे. १९०४ मध्ये गांधीजींनी डर्बनजवळ फिनिक्स इथं शंभर एकर जमीन घेतली. पारशी रुस्तमजींनी दिलेले जुने पन्हाळी पत्रे वापरून तिथं छापखान्यासाठी ७५ फूट लांब आणि ५० फूट रुंद अशी शेड उभी राहिली. तोवर माणसं तंबूत राहिली. पुढं ३० मे १९१० रोजी हर्मन कॅलनबॅक या वास्तुरचनाकार मित्रानं जोहान्सबर्गजवळची आपली ११०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली. तेच टॉलस्टॉय फार्म. तुरुंगात गेलेल्यांची बायकामुलं तिथं राहायची होती. तिथल्या बांधकामाची गांधीजींनी सांगितलेली वाटणी मला महत्त्वाची वाटते. पाथरवटाचं काम जाणकाराकडं. सुतारकामासाठी नारायणदास दमानिया नावाचे गुजराती सुतार मोफत आले आणि त्यांनी आणखी सुतार कमी मजुरीवर मिळवून दिले. कौशल्य न लागणारी सगळी अंगमेहनत मात्र फार्मवरच्या माणसांनी स्वतः केली. बॅरिस्टर असो की फेरीवाला, तो सुताराच्या हाताखाली. आणि जे बांधत होते तेच त्या घरात राहणार होते.

सतरा वर्षांनी, २५ फेब्रुवारी १९२७ रोजी, गांधीजी साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात आले आणि 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं त्याचं नामकरण त्यांच्या हस्ते झालं. फिनिक्स आणि टॉलस्टॉय फार्म स्वतःच्या हातांनी उभारलेल्या माणसाला तिथं काय दिसलं असेल, याची कल्पना करता येते. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत होती. स्वयंपाक, दळण, झाडलोट, शेती, सगळं मुलांच्याच हाती होतं.

भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावात काढली आणि १९२४ मध्ये वसतिगृह साताऱ्यात आणलं. पैशांची ओढ इतकी, की मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. त्यांच्या हयातीत बोर्डिंगात वाढलेल्या मुलांना त्या आईच वाटत. भाऊराव स्वतः ओगले काच कारखाना, किर्लोस्कर, कूपर अशा ठिकाणी काम केलेले. यंत्राचं आणि हाताच्या कामाचं मोल त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यालय निघालं आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, दोन्हीकडे 'कमवा आणि शिका'. मुलांनी माळ फोडला, दगड फोडले, माती वाहिली, विहिरींवर आणि इमारतींवर राबली आणि त्या कामाच्या हिशेबात त्यांची फी आणि जेवण बसलं.

रयत संस्थेच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही आजोबा अजून भेटतात. ते बोलायला लागले की शिकवलेल्या विषयांच्या आधी वाहिलेल्या दगडांविषयी बोलतात. कुठल्या भिंतीला आपला हात लागला हे त्यांना अजून आठवतं. मला यात साताऱ्याच्या मातीतली एक मोठी गोष्ट दिसते. मुलांनी ज्या छपराखाली झोपायचं त्याच्यासाठी स्वतः घाम गाळला, त्यामुळं ते छप्पर कुणाचे उपकार म्हणून त्यांच्या डोक्यावर आलं नाही. गरिबाच्या पोरानं कुणापुढं मान खाली न घालता शिकावं, ही भाऊरावांची सगळी धडपड होती.

असाच विचार पुढं एका वेगळ्याच वाटेनं जगभर गेला. मिलार्ड फुलर हा अमेरिकन वकील १९७३ मध्ये कुटुंबासह झैरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोमधल्या, म्बांडाका या गावी गेला आणि तिथल्या लोकांबरोबर घरं बांधू लागला. परतल्यावर १९७६ मध्ये त्यानं हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था काढली. तिची अट अशी, की ज्याला घर मिळणार त्यानं स्वतःच्या घरावर आणि दुसऱ्यांच्याही घरांवर ठरलेले तास राबायचं. ही संस्था भारतात १९८३ पासून आहे.

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला ही अट ऐकवली तर तो म्हणेल, मग यात काय, हा तर पैरा. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. बैलांचा पैरा, माणसांचा पैरा, भांगलणीला सावड. कुणाचं नांगरटीचं काम अडलं तर इर्जिक घालायची. गावातले नांगर एका दिवशी त्याच्या रानात उतरतात आणि रानमालक सगळ्यांना जेवण घालतो. घराच्या बाबतीतही हे चालायचं. धाब्याच्या घरावर माती चढवायची असली, तुळई उचलायची असली की हाक मारली जायची. आज स्लॅबच्या दिवशी ते दिसतं. स्लॅब एका दमात पडावा लागतो. मध्ये थांबलं, आधीचा माल आवळला आणि त्याला लागून नवा टाकला, तर तो सांधा पुढं गळतो. म्हणून भावकी, शेजारी, मुलाचे मित्र सगळे येतात आणि घरमालकाला त्या दिवशी जेवण घालावंच लागतं.

इथं बाहेरच्या स्वयंसेवकाची एक अडचण होते, जी त्याच्या लक्षात येत नाही. पैरा फेडायचा असतो. शेजारी आला तर त्याच्या स्लॅबला जाता येतं. साताऱ्याहून किंवा पुण्याहून आलेल्या मुलीचा पैरा ही जतमधली बाई कुठं फेडणार? तिच्या मनावर ते ओझं राहतं. म्हणून ती भाकरी करते, शेंगदाण्याची चटणी वाटते, घरात असेल नसेल ते दूध चहात घालते. शिबिरातल्या काही मुलांना वाटतं की गरिबाच्या घरचं खाऊ नये, त्याला तोशीस पडेल. त्यांचा हेतू चांगला असतो, पण चहा नको म्हणणं म्हणजे तिचा पैरा नाकारणं. एका घरमालकिणीनं मला हे फार सरळ सांगितलं: "पोरं राबली, पन माज्या हातचं जेवली. मग बरं वाटलं." ज्या गावांत घरटी दोन भाकरी गोळा करून शिबिराची पंगत बसते, तिथं गावकरी आणि मुलं यांच्यातलं अंतर पहिल्या रात्रीच कमी होतं, ते याच कारणानं.

घर कसं हवं याबद्दलही तिचंच ऐकायला हवं. घरकुल बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या जोडनावावर होतं, पण आराखड्याच्या वेळी तिला विचारणारे कमी. २६९ चौरस फुटांत चूल कुठं, तिचा धूर कुठून जाणार, शेळ्या रात्री कुठं बांधायच्या, दारापुढं धान्य वाळवायला ओटा निघतो का, हे तिच्या डोक्यात पक्कं असतं. गॅस आला तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवर होतं. पडवीला जागाच न ठेवलेली घरं पाहिली की कळतं, बांधणाऱ्यांनी तिला बोलूच दिलं नाही.

नुसत्या उत्साहानं भागत नाही अशी एक बाजू आणखी आहे आणि ती आपल्या या दोन जिल्ह्यांनी फार मोल देऊन शिकलेली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना हादरली. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. पाटण तालुक्यातली जुनी घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची. भिंत जितकी जाड तितकी भक्कम, असं आपण समजत होतो. पण अशा भिंतीला बाहेरचा आणि आतला असे दोन पदर असतात, मध्ये भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार दगड घातले नसले, तर हादऱ्यात पदर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत दोन्हीकडे कोसळते. झोपलेल्या माणसावर टनावारी दगड येतो. यावर उपाय माहीत आहेत. ठरावीक अंतरानं आरपार दगड, कोपऱ्यात सांधेजोड, जोत्याला आणि लिंटेलच्या पातळीला सगळ्या भिंतींना कवेत घेणारा सळईचा काँक्रीट पट्टा. पट्टा अखंड हवा. मुलांना खड्डा खणायचा, माल वाहायचा, पण सळई वाकवून कुठं किती अडकवायची हे जाणत्यानंच बघायचं. पैसे वाचवायला हा पट्टा गाळणारे आजही आहेत, आणि शिबिरातल्या एखाद्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मुलानं तो गाळू दिला नाही, तर त्याच्या आठवड्याचं चीज झालं असं मी म्हणेन.

जुलै २०२१ मध्ये त्याच पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं रात्री डोंगर खाली आला आणि घरंच्या घरं मातीखाली गेली. तिथं भिंत कशी होती हा प्रश्नच उरला नाही, जागेचा प्रश्न होता. अशा वेळी मदतीला धावलेल्या तरुणांना लगेच काहीतरी उभं करावंसं वाटतं. ते मला समजतं. तरी उतारावर कुठं बांधायचं आणि कुठं नाही हे भूगर्भ जाणणाऱ्यांनी पाहिल्याशिवाय पायाची कुदळ मारू नये. तोपर्यंत करण्यासारखं खूप असतं. कागदपत्रं वाहून गेलेली असतात, मुलांची शाळा तुटलेली असते, तात्पुरत्या निवाऱ्यात म्हाताऱ्यांकडं बघायला कुणी नसतं.

सांगलीच्या महापुरानंतरही बांधायचं काम फार उशिरा आलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या काठच्या गावांत पाणी उतरलं आणि मग मातीच्या भिंती पडायला लागल्या. कच्च्या भेंड्यांची भिंत पाण्यात तग धरते आणि ऊन लागलं की भेगाळून बसते. त्या आठवड्यांत आलेल्या मुलांनी घराघरातला चिखल खोऱ्यानं काढला, कुजलेलं धान्य पोत्यात भरलं, भांडी घासली, फवारणी केली. फोटोत दाखवण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं. माझ्या लेखी ते घर बांधण्याइतकंच मोठं काम होतं, कारण चिखल निघाल्याशिवाय कुठली भिंत पडणार आणि कुठली ठेवता येईल हे कळतच नव्हतं.

श्रमदानाला हात पुरवायची सवय या भागाला आहे, हे पाण्याच्या कामात साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. २०१६ मध्ये गावागावांतल्या जलसंधारणाच्या 'वॉटर कप' स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं आणि २०१८ मध्ये माण तालुक्यातली टाकेवाडी. एक मेच्या महाश्रमदानाला शहरांतून माणसं आली आणि गावकऱ्यांनी आखून ठेवलेल्या चरांवर राबली. आखणी गावाची, म्हणून ते जमलं. गावाच्या शब्दात राहून मोठं काम करता येतं, याचं याहून जुनं उदाहरण औंधचं. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडमधला ज्यू अभियंता १९३५ च्या सुमाराला बंगळूरच्या कारखान्यात आला आणि पुढं औंध संस्थानात येऊन राहिला. भारतानंद हे नाव त्यानं घेतलं. गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ मध्ये औंधच्या प्रजेला स्वराज्याची घटना मिळाली, तिच्या घडणीत त्याचा हात होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली, तीही त्याच काळात. कैद्यांनी तिथं भिंतींशिवाय, कुटुंबासह राहून शेती करायची. 'दो आँखें बारह हाथ' चित्रपटामागची प्रेरणा तीच. परदेशातून आमच्या दुष्काळी खेड्यात आलेला हा माणूस पुढारी झाला नाही. त्यानं आपली अभियंत्याची बुद्धी राजाच्या आणि गावच्या पंचायतीच्या हवाली केली. आफ्रिकेत किंवा आणखी कुठं सेवेला निघालेल्या आपल्या मुलांनी जाण्याआधी एकदा औंधला जाऊन यावं असं मला वाटतं.

शिबिराच्या सातव्या दिवशी समारोप होतो, सत्कार होतात, मुलं रडतात. ते रडणं खरं असतं. पण नव्या भिंतीला दिवसातून दोनदा पाणी मारायचं काम तेव्हा निम्म्यावरच असतं. भिंतीला आठ-दहा दिवस ओल हवी. स्लॅबला कडेनं मातीचं आळं करून दोन-तीन आठवडे पाणी साठवून ठेवावं लागतं. नाहीतर सिमेंटला हवी ती ताकद येत नाही आणि सगळ्यांची मेहनत वाया जाते. दुष्काळी गावात हे पाणी आणायचं कुठून? पिण्याच्या हंड्यातून काढावं लागतं. सात दिवसांचं शिबिर आणि एकवीस दिवसांचं पाणी, यांचा मेळ घरमालकालाच घालावा लागतो. जिथं मुलांनी पहिल्या दिवसापासून घरच्यांना बरोबर घेऊन काम केलं, तिथं ते पाणी पडतं. जिथं घरचे बाजूला उभे राहून पाहुण्यांचं काम बघत बसले, तिथं समारोपानंतर भिंतीकडं कुणी फिरकत नाही. दोन्ही तऱ्हेच्या भिंती मी पाहिल्या आहेत. बोटानं खरवडलं तर फरक कळतो.

माणमधल्या एका वाडीत यंदा ज्या घराचं काम पाहिलं, तिथं घरची सासू आणि सून पहाटे शाळेच्या हातपंपावरून पाणी आणत होत्या, आणि गोणपाट भिजवून भिंतीवर टाकायचं काम सहावीतला नातू करत होता. लिंटेलचा फोटो वर गेला, हप्ता जमा झाला, मग भावकीनं येऊन स्लॅब टाकला. शिबिरातली चार मुलं त्या दिवशी सुट्टी काढून, कुठलाही फलक न घेता आली होती आणि वरच्या रांगेत उभी होती. आता दारं-खिडक्या बसायच्या आहेत. आतला गिलावा मृगाच्या आत व्हायला हवा. परीक्षा संपली की ती चार मुलं पुन्हा येणार आहेत. गवंडीमामांनी त्यांना आधीच सांगून ठेवलंय, सोमवारी येऊ नका, त्या दिवशी ते दुसऱ्या गावच्या बाजाराला असतात. मंगळवारी सकाळी सातला या आणि येताना वाळू चाळायची जाळी घेऊन या, इथली फाटली आहे.